परळमधील एक सकाळ

दादरला उतरलो तेव्हा पाऊस नुकताच ओसरला होता. टॅक्सी परळकडे वळली आणि अक्का म्हणाली, "भोंगा नाही गं ऐकू आला." तरुणपणी ती काळाचौकीला मामांकडे राहत असे. गिरण्यांच्या भोंग्यांवर घड्याळ लावण्याचा तो काळ सरून गेला, हे तिला ठाऊक होते. तरी तिने कान दिला होता.

एके काळचा हा गिरणगावचा टापू आता रुग्णालयांचा झाला आहे. के.ई.एम., वाडिया आणि टाटा मेमोरियल ही तिन्ही हाकेच्या अंतरावर. पदपथावर चटया, स्टोव्ह, वाळत घातलेले कपडे. फायलींच्या पिशव्या उराशी धरून बसलेली माणसे. टाटा रुग्णालय १९४१ साली सुरू झाले आणि १९६२ पासून ते अणुऊर्जा विभागाकडे आहे. कर्करोगाचा अणुऊर्जेशी काय संबंध, असे मला नेहमी वाटे. त्या सकाळी थोडेफार उमगले.

अक्काला गाठ अशी नव्हतीच. डावा स्तन लाल, गरम झालेला आणि त्वचा संत्र्याच्या सालीसारखी. गावाकडे गळू समजून तीन आठवडे प्रतिजैविके दिली गेली. आम्हीही गाठ नाही म्हणून निर्धास्त राहिलो, ही बोच अजून आहे. बायोप्सीत निघाला तो दाहजन्य, म्हणजे इन्फ्लमेटरी, स्तनकर्करोग. हा इतका झपाट्याने पसरतो की निदान होतानाच तो किमान तिसऱ्या टप्प्यात धरतात. प्रश्न उरतो तो तिसरा की चौथा एवढाच. तिसरा असेल तर आधी केमो, मग शस्त्रक्रिया, मग किरणोपचार, आणि उद्देश रोग समूळ घालवण्याचा. चौथ्यातही उपचार असतात. पण तेथे उद्देश रोगाला आवरून धरण्याचा. मॅमोग्राफी आणि सोनोग्राफी स्तन व काखेपुरते सांगतात. हाडे, यकृत, फुप्फुसे यांची खबर काढायला पेट-सीटी.

त्यासाठी शिरेतून किरणोत्सारी साखर देतात. कर्कपेशी साखरेच्या हावऱ्या. त्या ती ओढून घेतात आणि चित्रात उजळतात. या साखरेतील फ्लोरिन दर ११० मिनिटांनी निम्मे होते, त्यामुळे ती साठवता येत नाही. सायक्लोट्रॉनमध्ये बनवून लगोलग वापरावी लागते. देशातील पहिला वैद्यकीय सायक्लोट्रॉन २००२ मध्ये परळलाच, भाभा अणुसंशोधन केंद्राच्या रेडिएशन मेडिसिन सेंटरमध्ये आला.

अक्का मध्यरात्रीपासून केवळ पाण्यावर होती. मधुमेह असल्याने तिच्या गोळ्यांचे डॉक्टरांना आधीच विचारून ठेवले होते, कारण रक्तातील साखर वाढलेली असेल तर चित्र नीट येत नाही. इंजेक्शननंतर तासभर तिला एका खोलीत निजवले. बोलायचे नाही, हिंडायचे नाही. हललेले स्नायूही साखर ओढतात. थंडी वाजू द्यायची नाही, म्हणून मी आपली शाल आत पाठवली. बडबड्या अक्काला उपासापेक्षा मौन जड गेले असणार. यंत्राखाली जाण्यापूर्वी लघवीला पाठवतात. उरलेली साखर मूत्राशयात साचते व तेथे उजेड दिसतो. यंत्रात ती अर्धा तास होती. बाहेर आल्यावर भरपूर पाणी प्यायला सांगितले आणि त्या दिवसापुरते लहान मुलांपासून व गरोदर स्त्रियांपासून दूर राहायला. माझी भाचेसून गरोदर होती, म्हणून ठाण्याला तिच्या घरी न जाता आम्ही दादरलाच एका धर्मशाळेत मुक्काम केला.

दोन दिवसांनी डॉक्टरांनी पडद्यावर चित्र दाखवले. मेंदू लखलखत होता, मी दचकले. तो नेहमीच साखर खातो, त्यामुळे मेंदूतील रोग या तपासणीत नीट दिसत नाही, गरज पडल्यास एमआरआय करतात, असे त्यांनी सांगितले. डावी काख उजळली होती, आणि त्याच बाजूच्या गळ्याच्या हाडावरील एक गाठही. उजव्या गुडघ्याशीही एक ठिपका होता. माझे हातपाय गळाले.

"तो संधिवात आहे," डॉक्टर म्हणाले. "दाह असेल तेथेही साखर जाते. प्रत्येक उजेड कर्करोगाचा नसतो. शंका असली की सुईने तुकडा काढून पाहतो."

हाडे, यकृत, फुप्फुसे स्वच्छ होती. टप्पा तिसरा, त्यातला 'सी'. केमोची पहिली तारीख पुढच्या गुरुवारची मिळाली.

जिना उतरताना अक्का थांबली. "गुडघ्याचं मी दहा वर्षं सांगत होते," ती म्हणाली, "तेव्हा कुणाला पटत नव्हतं." मग कोपऱ्यावरच्या टपरीकडे बोट दाखवून म्हणाली, "चहा घेऊ. बिनसाखरेचा."