ताट तिचं, मावा त्याचा

लग्नाला दोन वर्षं होऊन दिवस राहिले नाहीत की सुरतेतल्या लिंबायत-डिंडोलीपासून थेट धुळे-जळगावपर्यंत सल्ले सुरू होतात आणि ते सगळे सुनेच्या ताटावर येऊन पडतात. पपई बंद, ‘गरम’ पदार्थ बंद, रात्री दूध-तूप, जोडीला एखादा उपास. नवऱ्याच्या खिशातल्या पुडीबद्दल मात्र कोणी चकार शब्द काढत नाही. मूल न होणाऱ्या जोडप्यांपैकी जवळजवळ निम्म्यांत पुरुषातला दोष एकटा किंवा बायकोतल्या दोषाच्या जोडीने कारणीभूत असतो. वंध्यत्वावर उपचार करणारा डॉक्टर म्हणून माझं म्हणणं इतकंच की, सुरतेसारख्या कामगारांच्या शहरात आहार-विहाराची पहिली विचारपूस पुरुषाची व्हायला हवी.

त्यामागे शरीरशास्त्र आहे. एक शुक्राणू तयार व्हायला सुमारे 74 दिवस लागतात, आणि हे काम शरीराच्या तापमानापेक्षा दोन ते चार अंश थंड जागीच नीट चालतं. वृषणं शरीराबाहेर असतात ती त्यासाठीच. आता पांडेसऱ्यातल्या डाईंग-प्रिंटिंग मिलमधलं स्टेंटर मशीन बघा. पॉलिएस्टरची वीण पक्की करायला त्यात 180 ते 200 अंशांची हवा खेळवतात, आणि माणूस त्याच्या तोंडाशी उभा असतो. लूमवरच्या कारागिराला एवढी झळ नसली तरी कोंदट शेड, बारा तासांची शिफ्ट, दिवसपाळी-रातपाळीची अदलाबदल आणि मीटरवर मोजली जाणारी मजुरी त्याच्या वाट्याला असतेच. भट्टीसमोर किंवा वेल्डिंगवर काम करणाऱ्या पुरुषांच्या वीर्यावर उष्णतेचा परिणाम होतो, ही गोष्ट वैद्यकाला नवी नाही. पण या शिफ्टमधून दुसरी एक गोष्ट उगवते, ती मला उष्णतेइतकीच महत्त्वाची वाटते. डोळा लागू नये आणि भूक मरावी म्हणून माणूस तंबाखू-सुपारीचा मावा चोळतो. आपण त्याला व्यसन म्हणून मोकळे होतो, पण बारा तास उभं राहण्याची ती एक सोय असते. पाचव्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत (2019-21) गुजरातेतले सुमारे 41 टक्के पुरुष कोणत्या ना कोणत्या रूपात तंबाखू घेणारे आढळले. गुटख्यावर इथे 2012 पासून बंदी आहे, पण सुपारी, चुना आणि तंबाखू वेगवेगळे मिळतात आणि तळहातावर एकत्र येतात.

धूर नाही म्हणजे धोका नाही, अशी समजूत आहे. तिला छेद देणारा मुंबईतल्या रुग्णांवरचाच एक अभ्यास 2005 साली प्रसिद्ध झाला. मूल होत नाही म्हणून तपासणीला आलेल्या, तंबाखू चघळणाऱ्या 638 पुरुषांचं वीर्य तपासलं, तेव्हा दिवसातल्या खेपा जितक्या जास्त, तितकी शुक्राणूंची संख्या, हालचाल आणि ठेवण खालावलेली दिसली. ‘मावा खाणाऱ्यांना चार-चार पोरं आहेतच की’ हा आक्षेप खरा आहे, पण अपुरा. ज्याचे शुक्राणू भरपूर आहेत त्याला थोडी घट परवडते. जो आधीच काठावर आहे त्याला ती परवडत नाही, आणि आपण काठावर आहोत की नाही हे तपासल्याशिवाय कोणालाच कळत नाही. या अभ्यासाने कारण अगदी सिद्ध झालं असंही मी म्हणणार नाही, कारण तो क्लिनिकमध्ये आलेल्यांचा आहे. तरी मात्रेबरोबर नुकसान वाढत जावं, हा पुरावा झटकण्याजोगा नाही.

याचा अर्थ तिच्या ताटाला महत्त्व नाही असा नव्हे. त्याच कुटुंब आरोग्य पाहणीत गुजरातेतल्या 65 टक्के स्त्रियांच्या रक्तात हिमोग्लोबिन कमी आढळलं. घरात दिवसभर मांडी घालून साड्यांना लेस लावणाऱ्या, सगळ्यांत शेवटी जेवणाऱ्या बाईला पथ्यापेक्षा पोटभर अन्नाची गरज आहे: डाळ, पालेभाजी, अंडं चालत असेल तर अंडं, आणि दिवस राहण्याआधीपासून फॉलिक ॲसिडची गोळी. मशेरी मात्र सुटायला हवी, त्यातही तंबाखूच आहे. अमेरिकेतल्या साडेसतरा हजार परिचारिकांच्या 2007 साली प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात, ट्रान्स फॅट जास्त खाणाऱ्यांमध्ये स्त्रीबीज वेळेवर न सुटण्याचा दोष अधिक दिसला. डाळी-कडधान्यांतून प्रथिनं घेणाऱ्यांमध्ये तो कमी होता. पीसीओएस हा अंडाशयाचा विकार असलेल्या, वजन वाढलेल्या मुलींत पाच-दहा टक्के वजन उतरलं तरी पाळी बऱ्याचदा मार्गी लागते. पपईचा मात्र यात कुठेही संबंध नाही. तसाच तो ‘ताकदीच्या’ पावडरींचाही नाही. अमेरिकेत 2,370 जोडप्यांवर झालेल्या आणि 2020 साली प्रसिद्ध झालेल्या चाचणीत पुरुषांना सहा महिने जस्त आणि फॉलिक ॲसिड दिलं; वीर्यही सुधारलं नाही आणि जन्मही वाढले नाहीत. मावा चालू ठेवून डबा विकत आणणाऱ्यांनी हे ध्यानात घ्यावं.

आणखी दोन आक्षेप उरतात. पहिला असा की, शिफ्ट काय कामगाराने निवडली? नाही. म्हणून शेडमधला वारा, साप्ताहिक सुट्टी आणि कामाचे तास यांची जबाबदारी मालकाचीही आहे. सगळं ओझं ‘सवयी’ या शब्दावर ढकलणं मला मान्य नाही. दुसरा आक्षेप अधिक गंभीर आहे: पथ्याच्या नादात उपचार लांबतात. क्षयाने किंवा अन्य संसर्गाने बंद झालेल्या गर्भनलिका कोणत्याही आहाराने उघडत नाहीत. नेदरलँड्समध्ये लठ्ठ स्त्रियांना उपचारांआधी सहा महिने वजन उतरवायला लावलं, पण 2016 साली आलेल्या निष्कर्षांत त्यामुळे निरोगी बाळाच्या नैसर्गिक प्रसूतींचं प्रमाण वाढलेलं दिसलं नाही. तेव्हा तपासणी आणि सुधारणा बरोबरीनेच सुरू व्हाव्यात. पस्तिशीच्या आत वर्षभर वाट पाहावी, पुढे सहाच महिने. सोडलेल्या माव्याचा हिशेब शुक्राणूंत उमटायला साधारण तीन महिने लागतात, तेवढ्यात बाकीच्या तपासण्या उरकतात.

म्हणून दिवाळीला खान्देशातल्या घरी जमलेल्या वडीलधाऱ्यांना विनंती आहे की, सुनेला नलिकांच्या तपासणीला पाठवण्याआधी मुलाला वीर्यतपासणीला पाठवा. त्या तपासणीला दोन ते सात दिवसांचा संयम पुरतो आणि सुईसुद्धा टोचून घ्यावी लागत नाही.