काठावरचं काम

पाहुणे आले की आपण त्यांना शनिवारवाड्याच्या दिल्ली दरवाजासमोर नेऊन उभं करतो. १० जानेवारी १७३० ला वाड्याचा पाया घातला, दोन वर्षांनी वास्तुशांत झाली, १८२८ च्या आगीत आतलं सगळं गेलं. शनिवार पेठेत राहणाऱ्या कुणालाही हे झोपेतून उठवून विचारलं तरी सांगता येईल. मग दगडूशेठ, तुळशीबाग, कुठंतरी मिसळ, आणि पुणं दाखवून झालं. दिल्ली दरवाजाचं तोंड उत्तरेला आहे. तिथून थोडं चाललं की मुठा लागते. तिकडे मात्र पाहुण्यांना कुणी नेत नाही. पाण्याला वास असतो, जलपर्णी माजलेली असते, काठाच्या झुडपांना गेल्या पुरातल्या चिंध्या लटकत असतात. घरातली ही खोली पाहुण्यांपासून लपवावी असंच सगळ्यांना वाटतं.

मी हल्ली पाहुण्यांना तिथंच नेते. ही सवय लाओसहून परतल्यावर लागली.

लाओसला आम्ही दोघंच गेलो होतो. मोठ्या गटाबरोबर धावपळ नको, म्हणून तिथलाच एक वाटाड्या ठरवला होता. लुआंग प्रबांग हे गाव मेकाँग आणि नाम खान यांच्या संगमावर आहे. १९९५ पासून ते जागतिक वारशाच्या यादीत आहे, त्यामुळे देवळांनी सुरुवात होईल अशी आमची समजूत. पहाटे ओळीनं आलेल्या भिक्खूंच्या पात्रात चिकट भाताचे घास घालून झाले, आणि तो मुलगा आम्हाला थेट नदीच्या उतारावर घेऊन गेला. पावसाळा सरून पाणी ओसरलं की तिथं गाळाची जमीन उघडी पडते. त्या उतारावर लोक वाफे घालतात, भाजी लावतात, आणि पाणी चढायच्या आत काढून घेतात. नाम खानवर बांबूचा साकव होता. तो दरवर्षी कोरड्या दिवसांत बांधायचा आणि पुराआधी उतरवायचा. एका अंगणात बायका नदीतलं शेवाळ धुऊन पातळ थापत होत्या, वर तीळ, टोमॅटो, लसूण पसरून उन्हात ठेवत होत्या. आपल्याकडे उन्हाळ्यात गच्चीवर पापड्या पडतात, अगदी तसं. प्रत्येक ठिकाणी आमचा वाटाड्या थांबायचा आणि तीनच गोष्टी सांगायचा: हे कोण करतं, कधी करतं, कशासाठी करतं. नदी किती सुंदर आहे हे त्यानं एकदाही म्हटलं नाही.

तिथंही सगळं आलबेल नाही. खालच्या अंगाला सायाबुरीचं धरण २०१९ पासून वीज करतंय, गावाच्या वरच्या बाजूला आणखी एक उभं राहतंय. गाळ अडला, मासे वर यायचे थांबले, तर हे वाफे आणि मासेमारांची जाळी कुणाच्या भरवशावर चालायची? धरणाच्या पाण्यावर वाढलेल्या पुण्याच्या माणसानं यावर बोलताना जरा जपूनच बोलावं.

परत आल्यावर त्या वाटाड्याचे तीन प्रश्न मी आमच्या पेठेला विचारू लागले. इथं नदीवर कोण उतरतं, कधी, कशासाठी? उत्तर फार शोधावं लागलं नाही. ओंकारेश्वर.

थोरल्या बाजीरावांच्या काळात शिवरामभट चित्राव यांनी हे मंदिर उभारलं, चिमाजीअप्पांनी त्याला हातभार लावला. १७३९ मध्ये वसई जिंकणारे अप्पा पुढच्याच वर्षी गेले, त्यांची समाधी इथंच आहे. पूर्वी या काठावर स्मशान होतं. ते हललं, तरी दहावं, बारावं आजही इथंच होतं. सकाळी आठनंतर जा. पांढऱ्या शर्टांतली माणसं, नुकतीच केस उतरवलेली मुलं, गुरुजींची लगबग, दर्भ, काळे तीळ, भाताचे पिंड. आणि कठड्यावर कावळे. पिंड ठेवला की सगळे मागे सरतात आणि वाट पाहतात. कावळा येत नाही तेव्हा घरातलं कुणीतरी पुढं होऊन गेलेल्या माणसाला शब्द देतं: धाकटीचं लग्न आम्ही करू, आईला अंतर देणार नाही. माझ्या सासऱ्यांच्या दहाव्याला बराच वेळ कावळा शिवेना. दर्भाचा कावळा करायची तयारी झाली. तेव्हा आत्याबाई पुढं झाल्या, “दादा, तुझ्या गच्चीतल्या कुंड्यांना मी पाणी घालीन रे,” म्हणाल्या. कावळा आला. त्यामागं काय असतं, याच्या वादात मला शिरायचं नाही. पण ते वाक्य त्या घाटावर, त्या पाण्याशेजारीच बोललं गेलं. घरातल्या बैठकीत ते कुणाच्या तोंडून निघालं नसतं. शनिवार पेठेचं नदीवरचं एक काम अजून शिल्लक आहे, ते हे.

बाकीची कामं एकेक करून सुटली. पिण्याचं पाणी तर फार लवकर सुटलं. नानासाहेब पेशव्यांनी कात्रजच्या तलावातून दगडी नळानं पाणी गावात आणलं, पेठापेठांतले हौद त्यावर भरू लागले. पुढं १८७९ च्या सुमारास खडकवासल्याचं धरण झालं. मुठेचं पाणी शहरात येत राहिलं, फक्त घाटावरून येईनासं झालं. धुणं सुटलं, पोहणं सुटलं. गणपती अजून काठापर्यंत येतात, पण नेने घाटावर, आपटे घाटावर बरीच विसर्जनं आता हौदात होतात. पाण्याचा विचार करता ते योग्यच आहे. तरी त्या दिवशी गुडघाभर पाण्यात उभं राहून पाट सोडायचा, तो स्पर्श गेला हे खरं.

आणि १२ जुलै १९६१. आंबी नदीवरचं पानशेतचं धरण अजून पुरतं बांधून व्हायचं होतं. ते फुटलं, त्या लोंढ्यानं खडकवासलाही फुटलं, आणि भर दिवसा नदी पेठांमध्ये शिरली. माझ्या सासूबाई तेव्हा नव्या नवरी होत्या. पाण्याबद्दल त्या फार बोलत नसत, चिखलाबद्दल बोलत. पाणी उतरल्यावर घरात कंबरभर गाळ, त्यात धान्य कुजलेलं, लग्नातले शालू त्याच रंगाचे झालेले. किती तरी बिऱ्हाडं निसेन हटमध्ये गेली, पुढं गोखलेनगर, सहकारनगर, लोकमान्यनगर अशी पांगली. काही जुन्या भिंतींवर त्या दिवसाची पूररेषा आहे. पाहुण्यांना मी तिच्याखाली उभं करते. बहुतेकांच्या डोक्यावरून रेषा जाते. पेठेनं नदीकडे पाठ फिरवली असं लोक रागानं म्हणतात. मला त्या पाठीमागची भीती दिसते, आणि ती मी मनापासून समजू शकते.

तरीही जुलै-ऑगस्टमध्ये खडकवासल्यातून पाणी सोडलं की भिडे पूल बुडतो आणि पेठ काठावर जमते. शाळेतली मुलंसुद्धा किती हजार क्युसेक सोडलंय ते सांगतात. आजोबा नातवंडांना ६१ ची गोष्ट सांगतात. ओढ संपलेली नाही, हे मला त्या गर्दीत दरवेळी जाणवतं.

म्हणून नदीकाठ सुधारण्याच्या चव्वेचाळीस किलोमीटरच्या योजनेकडे मी काळजीनं पाहते. पाणी शुद्ध व्हायला हवं, त्याबद्दल दुमत नाही. मात्र काठ आखीवरेखीव बांधून वरून फिरायचा रस्ता केला, तर माणूस नदीकडे बघेल आणि तिच्यापर्यंत उतरणार नाही. पायऱ्या हव्यात, मातीचा उतार हवा, वाळुंजाची झाडं हवीत. विठ्ठलवाडीच्या बाजूला जीवितनदी या संस्थेची मंडळी लोकांना काठानं फिरवतात, झाडं-पाखरं दाखवतात. तिथं गेलात तर मुठा अजून नदी आहे हे डोळ्यांनी पाहता येतं. ओंकारेश्वराच्या खाली ती फार हाल सोसत वाहते.

गेल्या दिवाळीत भाची मेलबर्नहून आली होती. तिच्या मुलीनं घाटावर विचारलं, हे पाणी कुठं जातं? तिला सगळं सांगितलं. पुढं संगमावर मुळा भेटते, मुळा-मुठा भीमेला मिळते, भीमा उजनीत थांबते, तिथून पंढरपूर. आषाढीला वारकरी ज्या चंद्रभागेत बुडी मारतो, तिच्यात आपल्या मोरीचं पाणी मिसळलेलं असतं. भाची गप्प झाली. मुलीचा पुढचा प्रश्न होता, मग उजनीत मासे जगतात का?

जगतात, आणि त्यांच्यावर माणसंही जगतात. भिगवणजवळ कुंभारगावला, डिकसळला मासेमार हिवाळ्यात पहाटे होडीतून रोहित पक्षी दाखवायला नेतात. हीच मंडळी एरवी जाळी टाकतात. कुठं चिखल आहे, कुठं खोल आहे, पाखरं आज कुठं उतरली असतील, सगळं त्यांना ठाऊक. त्यांच्यातल्याच एका तरुणाला मी फोन करून ठेवलाय. थंडीत भाची पुन्हा येणार आहे. सकाळी ओंकारेश्वर पाहायचं, दुपारी निघायचं, भिगवणला मुक्काम, आणि दुसऱ्या दिवशी पहाटे त्याच्या होडीत बसायचं. मुलीचे प्रश्न मग त्यालाच विचारू देत.