गुलमर्गची शाळा

कुमारसंभवाचा पहिला सर्ग मीं तीस वर्षें मुलांना शिकविला. परंतु त्यांत वर्णिलेला हिमालय प्रत्यक्ष पाहण्याचा योग सहासष्टाव्या वर्षीं आला, आणि तोहि नातवंडांच्या हट्टामुळें. माझा मुलगा पुण्यास एका कारखान्यांत इंजिनियर आहे. त्यानें दिवाळींतच जाहीर केलें कीं, फेब्रुवारींत सर्वांनीं काश्मिरांत गुलमर्ग येथें जावयाचें आणि मुलांनीं बर्फावरून घसरण्याची विद्या, म्हणजे स्कीइंग, शिकावयाची. घसरण्यासाठीं पैसे मोजून गुरु करावा लागतो, ही गोष्ट आमच्या कुटुंबाला शेवटपर्यंत पटली नाहीं. "आपल्या न्हाणीघरांत हें फुकट होतें," एवढाच तिचा अभिप्राय.

श्रीनगरपासून गुलमर्ग सुमारें ५० किलोमीटर. टंगमर्ग सोडलें कीं चढ लागतो, व बर्फ फार असलें म्हणजे तेथेंच मोटारीच्या चाकांना सांखळ्या बांधतात. गांव सुमारें २,६५० मीटर उंचीवर, म्हणजे महाबळेश्वराच्या जवळजवळ दुप्पट उंच. इंग्रज अधिकाऱ्यांनीं येथें १९२७ सालीं स्की क्लब काढला. १९४८ सालीं सैन्याची स्कीशाळा निघाली. आणि आतां तर तारेवरून चालणारे पाळणे दोन टप्प्यांनीं अफरवटच्या खांद्यापर्यंत, ३,९०० मीटरांच्याहि वर, माणसें नेऊन सोडतात. मी पहिल्या टप्प्यावरूनच परतलों; छातींत धाप मावेना. हल्लीं बर्फाचाहि भरंवसा राहिलेला नाहीं. २०२५ च्या फेब्रुवारींत बर्फाअभावीं तेथील खेलो इंडियाचे सामने पुढें ढकलावे लागले होते. आमचें दैव बरें, आम्हांला गुडघाभर बर्फ मिळालें. कालिदासानें बर्फ हा हिमालयाचा एक दोष धरला आहे आणि अनेक गुणांत तो लोपून जातो असें म्हटलें आहे. माझ्या नातवंडांचें मत नेमकें उलट पडलें.

शिकविणारा टंगमर्गकडचाच एक पंचविशीचा तरुण होता. २०२२ सालीं बेजिंगच्या हिवाळी ऑलिंपिकमध्यें भारताचा एकुलता एक खेळाडू, आरिफ खान, हा याच भागांतला. त्याचें नांव घेतांना या तरुणाची छाती फुगे. अकरा वर्षांचा नातू, आठ वर्षांची नात आणि चाळिशीचा माझा मुलगा, अशा तिघांनाहि त्यानें एका ओळींत उभें केलें, आणि हातांत काठ्या देण्यापूर्वीं पहिली आज्ञा केली ती ही: "आतां पडा."

मी फिरनाखालीं कांगडी घेऊन एका खुर्चींत बसलों होतों. पहिला तास सारा पडण्यांतच गेला. (तासाचे पैसे ठरलेले, हें माझ्या मनांतून जाईना.) एका कुशीवर, चढाच्या बाजूस पडावयाचें, हात मागें टेकावयाचे नाहींत. उठतांना दोन्ही स्की उताराला आडव्या ठेवावयाच्या, नाहीं तर आपण उभे राहण्याआधींच त्या पुन्हां चालूं लागतात. मग थांबण्याची युक्ति: स्कींचीं पुढचीं टोकें जवळ, मागचीं दूर. मोठीं माणसें यास नांगर म्हणतात. मुलांना मात्र तो "पिझ्झा करा" म्हणून सांगे, आणि तें त्यांना ताबडतोब कळे.

मला सर्वांत नवल वाटलें तें निराळ्याच गोष्टीचें. भय वाटलें कीं माणूस आपोआप मागें रेलतो. पण भार टांचांवर गेला कीं स्की हुकमत सोडून धांवूं लागतात. ज्या उताराचें भय, त्याच्याच दिशेनें अंग पुढें झुकविलें तरच त्या ऐकतात.

नात पडतांना खिदळे, आणि उठून पुन्हां पडे. नातू वर्गांत पहिला येणारा. त्याला स्वतःची चूक सोसत नाहीं. दुसऱ्या दिवशीं चार लोकांसमोर दोनदां पडल्यावर तो बर्फांत बसला तो उठेना. "आजोबा, मला नाहीं येत." मी खुर्चींतून उठलों. धाकट्या बहिणीला येतें आणि तुला येत नाहीं? हें वाक्य माझ्या ओठांवर आलें होतें. शाळेंत तीस वर्षें तें माझ्या जिभेवर वस्तीलाच होतें. तेवढ्यांत मुलगा हळूच म्हणाला, "अण्णा, आतां तुम्ही कांहीं बोलूं नका."

असें तो मला जन्मांत कधीं म्हणाला नव्हता. मी खालीं बसलों.

शिक्षक आला. नातवाजवळ पोंचतांच त्यानें स्वतःला धाडकन् आडवें टाकून दिलें, आणि उठावयाचें कसें तें आपण विसरलों, असें तो साळसूदपणें सांगूं लागला. नातवानें थोडा वेळ त्याच्याकडे संशयानें पाहिलें. मग एखाद्या शास्त्रीबोवांच्या थाटांत त्यानें समजावण्यास आरंभ केला: आधीं स्की आडव्या करा, मग गुडघे पोटाशीं घ्या. सांगतां सांगतां तो स्वतःच उठून उभा राहिला.

माझें लक्ष मात्र दुसरीकडे गेलें होतें. माझा मुलगा नववींत माझ्याच वर्गांत होता. मास्तरांनीं पक्षपात केला असें कोणी म्हणूं नये, याची मला फार काळजी. एके दिवशीं राजन् शब्दाची षष्ठी त्यानें "राजनः" अशी सांगितली. "राज्ञः" म्हणावयास हवें होतें. इतरांना अशा चुकीला एक छडी बसे; त्याला मीं दोन मारल्या, आणि आमच्या घरच्या राजाला राजाचेंच रूप येत नाहीं, असें बोलून वर्गाला हंसविलें. दहावीनंतर त्यानें संस्कृताचें पुस्तक हातीं धरलें नाहीं. त्याचा ओढा यंत्रांकडे आहे, असें मी लोकांना सांगत आलों. आणि तें खोटेंहि नव्हतें.

तिसऱ्या दिवशीं नातू लहान उतारावरून तळापर्यंत न पडतां आला. त्याच्या मागून मुलगा निघाला, आणि अर्ध्या वाटेंत असा आपटला कीं एक स्की सुटून दूर जाऊन पडली. मुलें हंसलीं, सूनबाई हंसल्या. बर्फांतून डोकें वर काढतांच त्यानें पाहिलें तें माझ्याकडे. ती नजर मीं पूर्वीं एकदां पाहिलेली होती.

रात्रीं खोलींत बुखारी, म्हणजे तेथली लोखंडी शेगडी, पेटली होती. मुलें निजलीं होतीं. मुलगा गुडघ्याला मलम चोळीत बसला होता. मीं म्हटलें, "त्या राजन् शब्दाच्या वेळीं मीं तुला दोन छड्या मारल्या. इतरांना एकच मारीत असें. तें बरोबर नव्हतें."

तो चोळावयाचा थांबला नाहीं. "तीन होत्या, अण्णा," तो म्हणाला. मग जरा वेळानें उठून बुखारीजवळ वाळत घातलेले मुलांचे हातमोजे तो उलटे करूं लागला. मी एकेक त्याच्या हातीं देत गेलों.