पुनर्मूषको भव

मार्शिया ब्राउन यांच्या 'वन्स अ माऊस' या लाकडी ठशांच्या चित्रपुस्तकास १९६२ साली कॅल्डेकॉट पदक मिळाले. कथा आपल्या 'हितोपदेशा'तली. ऋषी उंदराचे मांजर करतो, मांजराचा कुत्रा, कुत्र्याचा वाघ. आणि वाघ उलटताच पुन्हा उंदीर. कृतघ्नतेचा हा धडा आम्हीही निमूटपणे शिकवत आलो.

भोर तालुक्यातील शिवरे येथे शाळकरी मुलांसमोर हे पुस्तक उघडले, तेव्हा एका मुलीने विचारले, "पण वाघाला राग कशाचा आला?" उत्तर मूळ कथेतच आहे. 'हा तर मूळचा उंदीर' ही लोकांची कुजबुज त्याला सोसवत नाही. वर चढलेला माणूस घसरला, की मराठीत हेच शीर्षकातले शब्द उच्चारले जातात, बहुधा समाधानाने. वाघाच्या हिंसेचे समर्थन नाही. परंतु उद्या शिकून पुण्यास जाणाऱ्या या मुलांना केवळ ऋषीच्या बाजूने ही कथा सांगणे आम्हांस आता जमणार नाही.