व्हिओनिए : थांबणाऱ्याची वाइन

बारामती-इंदापूरचं द्राक्ष म्हटलं की लोकांना बोरीचा जंबो आठवतो, नाहीतर निर्यातीच्या थॉमसनच्या पेट्या. पण पाटसहून बारामतीकडे येताना रोटी घाट लागतो, तिथल्या मुरमाड माळावर यूबी समूहाने फोर सीझन्सची वायनरी उभी केली. पुढे ती ग्रोव्हर झाम्पाकडे गेली. रोटी गाव दौंड तालुक्यातलं असलं तरी वाइनच्या जगात ते बारामती म्हणूनच ओळखलं जातं. या वायनरीच्या पांढऱ्या वाइन्समध्ये मला सर्वांत दमदार वाटते ती व्हिओनिए.

ही द्राक्षाची जात मूळची फ्रान्समधली, ऱ्होन नदीकाठच्या काँद्रिऊची. १९६०च्या दशकात तिथेही ती मोजक्या एकरांपुरती उरली होती, कारण उतारा कमी आणि लहरी स्वभाव. जर्दाळू, पीच आणि मधुमालतीसारख्या फुलांचा वास, तोंडात भरणारा जाडपणा आणि साडेतेरा-चौदा टक्के मद्यार्क ही तिची ओळख. आपल्याकडे नीरा ओलांडली की अकलूज परिसरात फ्रातेल्ली वायनरीच्या बागा आहेत. तिथल्या काही शार्डोनेंना ओकच्या पिंपाचं बळ मिळतं. व्हिओनिएचं बळ मात्र बागेतच तयार व्हावं लागतं.

अडचण अशी, की आपल्या उन्हात साखर धावत वाढते आणि वास मागून चालत येतो. वास येईपर्यंत थांबावं तर आम्लता उतरते, आणि वाइन गरम, बोजड लागते. म्हणून आमचा खरा निर्णय ऑक्टोबरच्या गोडी छाटणीतच, म्हणजे फळासाठीच्या छाटणीतच, होतो. छाटणी लांबली की घड मार्चच्या झळांत पिकतात. वेळेवर झाली तर पिकण्याचे शेवटचे दिवस थंड रात्रींचे मिळतात आणि आम्लता टिकते.

तोडणीआधी मी पहाटे बागेत फिरतो. रिफ्रॅक्टोमीटर साखर बावीस-तेवीस ब्रिक्स दाखवतो, पण तेवढ्यावर भागत नाही. मणी हिरवट सोडून सोनेरी झाला का, बी तपकिरी होऊन दाताखाली कडकडते का, हे पाहायचं. मग नुसती साल चावायची. ती गवतासारखी लागली तर बाग अजून तयार नाही. सालीतून जर्दाळू आला, की दुसऱ्या दिवशी उजाडायच्या आत क्रेट भरायला घ्यायचे. हा टप्पा थोडक्या दिवसांचा असतो आणि तो हुकला की हुकलाच.

वायनरीत घड अख्खेच हलके दाबतात, कारण साल जास्त रगडली तर कडवटपणा उतरतो. रस पंधरा-सोळा अंशांवर सावकाश आंबवतात. काही काळ यीस्टच्या गाळावर ठेवला, की वाइनला अंग येतं.

आता ताटाकडे. या वाइनला आंबट आणि जाळ तिखट सोसत नाही. तिच्यात आम्लता कमी, त्यामुळे आंबटासमोर ती फिकी पडते आणि मद्यार्क तिखटाची आग वाढवतो. तांबड्या रश्श्यासोबत ती घेऊ नका, पांढऱ्यासोबत घ्या. खोबरं, काजू आणि खसखस तिच्या जाडपणाला साजतात. ओल्या काजूची उसळ, शेंगदाण्याच्या कुटातली बेताच्या तिखटाची भरली वांगी हे माझ्या आवडीचे जोड. भिगवणचा उजनीतला मासा आणला तर चिंच टाळून आलं-लसूण लावून रव्यात तळा. फराळात भाजणीची चकली छान जुळते. लाडू-करंजीसोबत मात्र हीच वाइन कडू लागते. बाटली दहा-बारा अंशांवर ठेवा. बर्फगार केली तर ज्यासाठी पैसे मोजले तो वासच दडतो.

शेवटी एक व्यवहाराची गोष्ट. खाण्याच्या द्राक्षात जीए या संजीवकाने मणी फुगवून टनेज काढायची सवय असलेल्या बागायतदाराला आपण इथे बारीक मणी आणि कमी घड ठेवायला सांगतो. वर वासासाठी आठवडाभर थांबायलाही सांगतो. त्या आठवड्यात मणी सुकून वजन घटतं आणि पैसे मात्र किलोवर मिळतात. मग तो लवकर तोडणारच. त्यात त्याची चूक नाही. वायनऱ्यांनी करारात तोडणीची वेळ आणि प्रत यांचा वेगळा दर लिहावा. थांबण्याचे पैसे मिळाले, तरच बारामतीची व्हिओनिए दमदार राहील.