आधी हवा कमी करा

जैसलमेरजवळ समच्या वाळूत गाडी रुतली की माणूस दोन गोष्टी करतो. ॲक्सिलरेटर दाबतो आणि गाडीच्या कंपनीला शिव्या घालतो. पहिल्याने चाक आणखी खोल जातं, दुसऱ्याने काहीच होत नाही. म्हणून ऑफ-रोड ड्रायव्हिंग शिकायला आलेल्यांना मी आधी टायरमधली हवा काढायला शिकवतो. फोर-व्हील-ड्राइव्हचा लिव्हर नंतर.

हिशेब सोपा आहे. माणसं-सामान धरून दोन टनांची गाडी म्हणजे चाकामागे साधारण ५०० किलो. ३५ पीएसआयला टायर जमिनीला सुमारे २०० चौरस सेंटिमीटर टेकतो, १६ ला ४४०. साइडवॉलच्या ताठरपणामुळे प्रत्यक्षात फरक थोडा कमी पडतो, पण तोही पुरतो. गंमत म्हणजे टेकणारा भाग रुंदीत फारसा वाढत नाही, वाढतो लांबीत, रणगाड्याच्या पट्ट्यासारखा. म्हणूनच रुंद टायरांवर उधळलेले पैसे पाहून मला वाईट वाटतं. कडक टायर वाळूत खाली बसतो, पुढे वाळूचा बांध उभा करतो आणि सगळी ताकद तोच बांध चढण्यात घालवतो.

हे ज्ञान जुनंच आहे. ब्रिटिश लष्करातला इंजिनिअर राल्फ बॅगनॉल्ड १९२० आणि १९३० च्या दशकांत साध्या फोर्ड गाड्या घेऊन लिबियाचं वाळवंट हिंडला, ते टायर मऊ ठेवून. गाड्यांना फोर-व्हील-ड्राइव्ह नव्हताच. दुसऱ्या महायुद्धातल्या ‘डक’ या पाण्या-जमिनीवरच्या ट्रकमध्ये तर चालकाला बसल्या जागेवरून टायरची हवा कमी-जास्त करता येई.

आता नेमकी किती काढायची? दाराच्या चौकटीवरच्या स्टिकरवरचा आकडा डांबरी रस्त्याचा. वाळूसाठी मी १८ पासून सुरुवात करतो, गाडी ओढू लागली की १५ वर जातो. दगडधोंड्यांत २०-२२ बरी. त्याहून मऊ केला तर फुगलेली साइडवॉल धारदार दगडावर कापली जाते. १२ च्या खाली टायर रिमवरून निसटायची भीती, त्यातही झटक्याने वळवलं तर हमखास. मऊ टायरवर वेग कमी, वळणं मोठी, ब्रेक हलका. मोजणी सकाळी, टायर थंड असताना. दुपारच्या उन्हात तोच टायर तीन-चार पीएसआय जास्त दाखवतो. गेज स्वतःचं वापरा, पंपावरच्या गेजवर माझा भरवसा नाही.

हे वाचून कोकणात मात्र गाडी पुळणीवर उतरवू नका. हवा कितीही काढली तरी भरती थांबत नाही, आणि वेळास-आंजर्ल्याच्या वाळूत नोव्हेंबरपासून ऑलिव्ह रिडले कासवं अंडी घालू लागतात.

हवा काढायला चाकामागे दोन मिनिटं लागतात. लोक चुकतात ते भरण्यात. मऊ टायर घेऊन हायवेला ऐंशीने निघालात, की साइडवॉल सतत वाकते, तापते आणि टायर फुटतो. सिगारेट लायटरच्या सॉकेटवर चालणारे स्वस्त कंप्रेसर दुसऱ्या-तिसऱ्या चाकालाच तापून बंद पडतात. थेट बॅटरीला क्लिप लागणारा घ्या. विंच, स्नॉर्केल, छपरावरचे दिवे पुढच्या दिवाळीला घेतले तरी चालतील.