चौसष्ट बाइटची शेपटी

शनिवारी सकाळी पोहे खाऊन निवांत पेपर वाचायचा बेत होता. त्याऐवजी साडेनऊला ऑफिसात हजर! झालं असं, की शुक्रवारी बारा यंत्रांवर नवीन आवृत्ती चढवली आणि बाराच्या बारा यंत्रं आपलं कॅलिब्रेशन विसरली. चालू होत होती, पण रीडिंग काहीच्या काही.

नव्या आवृत्तीत मोठा बदल एकच: देवनागरी फाँट. तो टाकला होता आमच्याकडच्या नव्या मुलाने. मी त्याला चारचौघांत सुनावलं, "साइज बघायची असते रे, एवढं तरी!" तो बिचारा म्हणाला, "सर, टूलने चेक केली होती. ओके म्हणालं ते." मी कुठला ऐकतोय.

मंडळी, इथे थोडं तांत्रिक होणार, सहन करा. फाइलसिस्टिमच्या इमेजसाठी आमच्या फ्लॅशमध्ये ८ एम.बी.चं पार्टिशन आहे, म्हणजे ८३,८८,६०८ बाइट. त्याला अगदी चिकटून पुढे कॅलिब्रेशनचं पार्टिशन. आमचं टूल आधी स्क्वॉशएफएसची इमेज बनवतं, मग ती ६४ के.बी.च्या पटीत येईपर्यंत रिकामी जागा भरतं आणि शेवटी चेकसमची ६४ बाइटची शेपटी जोडतं.

फाँटसकट इमेज झाली होती ८३,५१,७४४ बाइट. म्हणजे ३६,८६४ बाइट शिल्लक! मग घोडं अडलं कुठे? तासभर मी भलतीकडेच शोधत होतो. कुणीतरी एम.बी. म्हणजे दहा लाख धरलाय का, कुठे ऋण संख्या होतेय का, वगैरे. शेवटी वैतागून तयार फाइलची लांबी बघितली तर ८३,८८,६७२. बरोब्बर ६४ जास्त.

साइजचा चेक होता भरणा आणि शेपटी यांच्या आधी! भरणा केल्यावर पार्टिशन काठोकाठ भरलं आणि शेपटी शेजाऱ्याच्या अंगणात. आता ६४ बाइटने असं काय होतंय? तर आमच्या फ्लॅशमध्ये १ चा ० करता येतो, पण ० चा पुन्हा १ करायचा तर अख्खा ब्लॉक पुसावा लागतो. ब्लॉक ६४ के.बी.चा. चौसष्ट बाइट टेकवायला पासष्ट हजारांवर बाइट साफ. लिनक्समधून चढवलं असतं तर कर्नलने पार्टिशनबाहेर लिहूच दिलं नसतं. पण आम्ही चढवतो बूटलोडरमधून, आणि त्याला देतो फक्त पत्ता आणि लांबी. माझ्या टेबलावरच्या यंत्रात का नाही दिसलं? त्याचं कॅलिब्रेशन कधी केलंच नव्हतं.

मग गिट ब्लेम मारलं. ती ओळ २०१६ ची. नाव माझं.

(चहा प्यायला खाली गेलो. दोन घेतले.)

दुरुस्ती चार ओळींची. सगळं जोडून झाल्यावर जी अंतिम लांबी येईल ती आधी काढायची आणि पार्टिशनशी ताडायची. शेपटी भरण्याच्या आतच बसवावी असा मोह झाला होता, मग हीच इमेज मावलीही असती. पण शेपटी कुठे असते हे जुन्या यंत्रांतल्या बूटलोडरला ठाऊक आहे. तिची जागा हलवली तर ती यंत्रं इमेज नाकारतील. म्हणून टूल आता सरळ 'मावत नाही' म्हणतं, आणि फाँटमधली नको असलेली अक्षरं आम्ही काढून टाकली. बारा यंत्रांचं कॅलिब्रेशन मात्र पुन्हा एकेक करून करावं लागणार. त्याला इलाज नाही.

त्याला फोन केला. "अरे, चूक माझी होती. सोमवारी सगळ्यांसमोर सांगतो." पलीकडे जरा शांतता. मग, "सर, टेस्ट मी लिहू का?"

संध्याकाळी त्याची मेल आली. काठोकाठ, एक बाइट कमी, एक बाइट जास्त, सगळं तपासलं होतं. शिवाय एक केस मी सुचवलेली नव्हती: इमेजची फाइल शून्य बाइटची असेल तर? टूल खुशाल 'ओके' म्हणतं.

तीही ओळ माझीच.